किब्बरच्या बर्फात अठ्ठावीस कॅमेरे

हिमबिबट्यांचे फोटो घ्यायला हिमाचलमधल्या स्पितीत, किब्बर गावाला केलेली ही ट्रिप खरं तर मुंबईच्या ससून डॉकवर सुरू झाली. ओळखीच्या एका कोळी मावशींचा तिथे मासळीचा धंदा आहे, त्यांच्याकडे मोठा डीप फ्रीझर आहे आणि आम्हाला बघायचं होतं की कॅमेरा ट्रॅपमधले (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) सेल थंडीत किती टिकतात. मुंबईत उणे अठरा डिग्री दुसरीकडे कुठे मिळणार. मावशींनी एक कप्पा रिकामा करून दिला, सुरमईच्या शेजारी आमचे चार कॅमेरे, दोनात साधे अल्कलाइन सेल, दोनात लिथियम, दर पाच मिनिटांनी एक फोटो काढायचा असं सेटिंग. तिसऱ्या दिवशी गेले तर अल्कलाइनवाले दोन्ही बंद आणि लिथियमवाले चालू. मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, मशीनला पण थंडी वाजते होय?" वाजतेच. साध्या सेलमधलं रसायन पाण्यातलं असतं, थंडीत ते सुस्तावतं, लिथियम मात्र उणे चाळीसपर्यंत काम देतात. महाग आहेत, तरी हिवाळ्यात वर जाणार असाल तर इथे अजिबात पैसे वाचवू नका.

थोडं आधीचं सांगते. मी उपनगरातल्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बिबट्यांच्या कॅमेरा ट्रॅपिंगला व्हॉलंटियर म्हणून जाते. तिथे जिच्या हाताखाली शिकले ती ताई आता हिमबिबट्यावर काम करते. यंदा तिला स्पितीत किब्बरजवळ चौदा ठिकाणी कॅमेरे लावायचे होते, प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे अठ्ठावीस. माणसं कमी पडत होती, तिने विचारलं आणि मी रजा टाकली.

फेब्रुवारीतच का, हे घरी सगळ्यांनी विचारलं. हिमबिबट्यांचा जोडी जमायचा काळ साधारण जानेवारी ते मार्च. या दिवसांत ते जास्त फिरतात, खडकांवर लघवीचे फवारे मारतात, गाल घासतात, मागच्या पायांनी जमीन उकरून खुणा ठेवतात आणि त्याच त्याच जागी परत परत येतात. कॅमेरा लावायला याच्याइतका चांगला काळ नाही, फक्त माणसासाठी हा सगळ्यात वाईट काळ आहे. भारतात पहिली देशव्यापी मोजणी २०१९ ते २०२३ मध्ये झाली, आकडा जानेवारी २०२४ मध्ये आला, एकूण ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये आणि हिमाचलमध्ये ५१. हिमाचलचा हा राज्यप्राणी आहे, आणि त्या मोजणीत आख्ख्या राज्यात मिळून ५१. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

दिवस १ ते ३ : मुंबई ते रेकाँग पिओ

सेलचा एवढा मोठा ढीग बरोबर होता (एका कॅमेऱ्यात आठ, म्हणजे २२४, वर जादाचे), म्हणून विमानाच्या भानगडीत न पडता वांद्र्याहून पश्चिम एक्स्प्रेस, अंबाल्याला उतरून गाडीने रात्री उशिरा शिमला. तिसऱ्या दिवशी रामपूर करत सतलजच्या कडेकडेने रेकाँग पिओ. मनालीकडचा रस्ता कुंझुम खिंड बंद असल्यामुळे हिवाळ्यात नसतोच, किन्नौरमधूनच जावं लागतं, आणि एका परीने ते चांगलं आहे कारण उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते.

पिओला संध्याकाळी किन्नर कैलासवर ऊन होतं, हॉटेलच्या गच्चीत मी आणि ताई दोघी काही न बोलता उभ्या होतो. बस्स, एवढंच. पुढचं लिहायला खूप आहे.

दिवस ४ आणि ५ : नाको, मग काझा

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून पुढे हिरवं संपतं. नाकोच्या अलीकडे वरून दगड येत होते म्हणून तीन तास थांबलो. समोर सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या घेऊन चाललेला एक ट्रक होता, त्याच्या ड्रायव्हरने स्टोव्ह काढून रस्त्यातच चहा केला आणि अडकलेल्या पाच गाड्यांतल्या सगळ्यांना पाजला, पैसे घेतले नाहीत. मी डब्यातल्या तिळाच्या वड्या काढल्या, आईने संक्रांतीनंतर मुद्दाम परत करून दिल्या होत्या. त्याने एक खाल्ली, एक खिशात ठेवली, म्हणाला, बेटी के लिए.

त्या रात्री नाकोलाच राहिलो, उंची ३६०० मीटरच्या वर, आणि तिथे पहिल्यांदा कळलं की थंडी ही नुसती वाजत नाही तर कामं अडवते. रात्री उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी गच्च. दुसऱ्या दिवसापासून बाटली उलटी ठेवायला शिकले, बर्फ वरून धरतो, मग बाटली उलटी असली की झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. सकाळी ड्रायव्हर भैयांनी डिझेलच्या टाकीखाली पत्र्याच्या डब्यात निखारे ठेवून गाडी चालू केली. आपण हे करून बघू नका, ते आयुष्यभर तिथे गाडी चालवतायत.

वाटेत ताबोचा गोम्पा (बौद्ध मठ), ९९६ सालचा, मातीच्या भिंती, हजार वर्षं उभा. आत शिरले तर बाहेरपेक्षा जास्त गार होतं. पंधरा मिनिटांतच निघालो, कारण दिवस मावळायच्या आत काझा गाठायचं होतं.

दिवस ६ आणि ७ : काझा, काहीच न करण्याचे दोन दिवस

ताईचा नियम, दोन दिवस कोणीही डोंगराकडे बघायचंसुद्धा नाही. मला डोकेदुखी होती, जिना चढले की धाप. उंचीवर घेण्याच्या गोळ्यांबद्दल निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपवर फिरणारे डोस घेऊ नका. आणि डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होतायत, चालताना तोल जातोय असं झालं तर दुसरा विचार न करता खाली उतरायचं, त्यात हिंमत-बिंमत काही नसते.

पण बसून करायची कामं भरपूर होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली अभयारण्यात संशोधन करायला परवानगी लागते, ती ताईने काही महिने आधीच काढली होती, त्याच्या प्रती वनखात्याच्या ऑफिसात दाखवल्या. मग अठ्ठावीस कॅमेऱ्यांची घड्याळं एका वेळेला लावली. हे फार महत्त्वाचं, समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक असेल तर डाव्या बाजूचा फोटो आणि उजव्या बाजूचा फोटो एकाच जनावराचा आहे हे सांगता येत नाही. हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे आपल्या बोटांच्या ठशासारखे, पण डाव्या कुशीवरची नक्षी वेगळी आणि उजवीची वेगळी, म्हणून तर एका जागी दोन कॅमेरे. कार्डं फॉरमॅट केली, प्रत्येकावर नंबर, कॅमेऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. नोंदींचे कागद आणि पेन्सिली वेगळ्या काढल्या. पेन नको, शाई गोठते.

या सगळ्यात मला बोरिवली आठवत होती. तिथे कॅमेरा झाडाला बांधायचा, लोखंडी पेटी, साखळी, कुलूप, कारण चोरीची भीती. आणि तिथे हवाच एवढी गरम की जनावराच्या अंगातला आणि मागच्या हवेतला फरक सेन्सरला कधी कधी पकडताच येत नाही. सेन्सर उष्णतेच्या फरकावर चालतो ना. बर्फात हा फरक प्रचंड, सेन्सर झटकन उठतो. पण तिथे झाड नाही. एकही नाही. कॅमेरा बांधायचा कशाला, तर दगडांच्या चळतीला.

दिवस ८ : किब्बर

काझाहून वीसेक किलोमीटर वर, सुमारे ४२०० मीटर. पांढरी घरं, सपाट मातीची छपरं, छपरांवर सरपण आणि चारा रचलेला. आमचं होमस्टे एका आमांकडे (आमा म्हणजे आई, आम्ही सगळे त्यांना आमाच म्हणायचो). घरात हिवाळ्यात सगळे एकाच खोलीत राहतात, मधोमध तंदूर. तंदूर म्हणजे आपला रोट्यांचा नव्हे, पत्र्याची शेगडी, धुराडं छपरातून वर गेलेलं, आत सुकं शेण आणि थोडं लाकूड. त्या खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे रोज मनाची तयारी.

जेवण साधं आणि पोटभर. थुक्पा (शेवयांचं सूप), टिमो (आपल्या बिनगोडाच्या वाफवलेल्या पावासारखा, पदर सुटलेला), सुकवलेले मटार घातलेली डाळ, आणि सातूचं पीठ लोण्याच्या खारट चहात कालवून. हे शेवटचं मला पहिल्या दिवशी जाईना, तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतलं. थंडीत शरीर लोणी मागतं, जिभेचं काही चालत नाही. संडास कोरडा, वरून माती आणि राख टाकायची, पाणी लागतच नाही, आणि गोठणाऱ्या गावात याच्याहून शहाणी सोय मला तरी सुचत नाही.

संध्याकाळी आमांचे सासरे येऊन बसले. सगळे त्यांना मेमे म्हणतात, म्हणजे आजोबा. सत्तरीच्या पुढचे, आयुष्य मेंढ्यांमागे गेलं. ताईने लॅपटॉपवर नकाशा उघडला, चौकटी पाडलेल्या, प्रत्येक चौकटीत एक लाल ठिपका, जिथे कॅमेरा लावायचा. मेमेंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि नऊ नंबरवर बोट ठेवलं.

"यहाँ नहीं चलता शेन. अभी नहीं."

शेन म्हणजे हिमबिबट्या. ताईने विचारलं, का, इथे तर डोंगराची धार आहे, खाली घळ आहे. मेमे म्हणाले, उन्हाळ्यात असेल, आत्ता या बाजूला ऊन नाही, बर्फ कमरेएवढा आणि मऊ, त्यात शेन कशाला पाय घालेल. भरल (तिथल्या रानमेंढ्या) कुठे आहेत ते बघा. भरल समोरच्या उतारावर, जिथे दिवसभर ऊन पडतं आणि गवताची टोकं उघडी होतात. शेन त्यांच्या वरच्या कड्याच्या पायथ्यातून चालतो. उद्या दाखवतो.

नकाशा तयार करायला ताईला तीन आठवडे लागले होते. तिने कागद काढला, पेन्सिलने नऊ नंबर खोडला आणि म्हणाली, मेमे, बाकीचे पण बघून सांगा. चौदातल्या पाच जागा त्या रात्री बदलल्या. चौकटी त्याच ठेवल्या, म्हणजे मोजणीचं गणित बिघडत नाही, चौकटीच्या आतली नेमकी जागा तेवढी मेमेंची. ताईचं मला हे फार आवडतं. शिकलेल्या माणसाला रबर वापरता आलं पाहिजे असं ती बोरिवलीलाही म्हणायची.

दिवस ९ आणि १० : पहिले सहा

पहाटे नाही, साडेनऊला निघालो. ऊन डोंगरावरून खाली आल्याशिवाय गावातलं कोणी हलत नाही आणि तेच बरोबर आहे. आम्ही दोघी, गावातले दोन तरुण (दोघांनाही आम्ही भैया म्हणायचो, वयाने माझ्याहून लहान आहेत), आणि पहिल्या दिवशी मेमे. मेमे रबरी गमबुटात, आतून लोकरीचे मोजे, हातात काठी. माझ्या पायात महागडे ट्रेकिंगचे बूट, दुपारपर्यंत आतून ओले. पुढच्या वेळी मीसुद्धा गमबूट घेणार, काझाच्या बाजारात मिळतात, एक नंबर मोठे घ्या म्हणजे दोन मोजे मावतात.

कड्याच्या पायथ्याशी एक खडक पुढे झुकलेला होता, छपरासारखा. मेमे वाकले, खडकाच्या खालच्या अंगाला नाक लावलं आणि मला खुणेने बोलावलं. मी वास घेतला. उग्र, आमसर, मांजराच्या लघवीसारखा पण जास्त जड. खडकावर राखाडी रंगाचे चार-पाच केस चिकटलेले. खाली जमिनीवर उकरलेली खूण, एका टोकाला मातीचा छोटा ढीग. इतकी वर्षं मी हे पॉवरपॉइंटवर दाखवत आले होते. मेमेंनी केस हाताने काढू दिले नाहीत, ताईने चिमट्याने पाकिटात घेतले.

कॅमेरा लावायची पद्धत सांगते, कोणाला उपयोग होईल. वाटेपासून तीन-चार मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, दोन कॅमेरे दोन बाजूंना पण अगदी नाकासमोर नाही, थोडे तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्यात जातो. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, उगवता-मावळता सूर्य सरळ आत येतो. समोर काही हलणारं नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चळत रचायच्या आधी बर्फ खणून खालच्या मातीपर्यंत जायचं आणि पहिला दगड जमिनीवर बसवायचा. बर्फ म्हणजे जमीन नाही, तो बसतो, सरकतो, वितळतो. हे ताईने पहिल्याच दिवशी चार वेळा सांगितलं होतं. शेवटी एकाने कॅमेऱ्यासमोरून हातापायांवर चालून बघायचं, दिवा लागतो का ते. त्या उंचीवर वीस पावलं चार पायांवर चालणं म्हणजे दादरचे जिने पळत चढण्यासारखं.

हातमोज्यांचं सांगायलाच हवं. जाड मोज्यात बटण दाबता येत नाही, मोजा काढला की दीड-दोन मिनिटांत बोटं लाकूड. मग आत पातळ लोकरी मोजा, वरून जाड, कामाच्या वेळी वरचा काढून गळ्यातल्या दोरीला लटकवायचा. दोरी हवीच, एक मोजा वाऱ्याने गेला तर काम तिथेच संपलं. बोरिवलीत एक जागा मी पंधरा मिनिटांत लावते. इथे दीड तास. दिवसाला तीनच्या वर झाल्या नाहीत.

नवव्या दिवशी एक चूक झाली. संध्याकाळी उरलेले कॅमेरे मी तसेच गरम खोलीत आणले. बाहेर उणे पंधरा, आत तंदूर. पाचच मिनिटांत सगळ्यांवर दव, भिंगाच्या आतसुद्धा. सकाळी बाहेर नेले तर आतलं दव गोठून भिंगावर फुलांची नक्षी. चार कॅमेरे दिवसभर उन्हात काळ्या कापडावर वाळवावे लागले. आत आणायच्या आधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचं आणि पिशवी खोलीत दोन-तीन तास तशीच ठेवायची, मग दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. मोबाइललाही हेच.

दिवस ११ ते १३ : बर्फ

अकराव्या दिवशी सकाळी खिडकीत काहीच दिसेना. दोन दिवस आणि दोन रात्री सतत. आपल्याकडच्या पावसाला आवाज असतो, जुलैमध्ये पत्र्यावर ढोल वाजतो. याला आवाजच नाही. उलट होते ते आवाजही मिटतात, कुत्री भुंकायची थांबली, गाढवं गप्प. मला त्या शांततेची थोडी भीती वाटली हे खरं.

दर काही तासांनी सगळं गाव छपरावर. मातीचं छप्पर, बर्फ साचू दिला तर वजनाने वाकतं आणि वितळला की घरात गळतो, म्हणून लाकडी फावड्याने खाली ढकलायचा. आम्हीही गेलो. दहा फावडी मारली की मी थांबून श्वास घ्यायचे, आमा शेजारी गाणं म्हणत चाळीस मारायच्या.

त्या दोन दिवसांत मेमे खूप बोलले. पूर्वी शेन म्हटलं की गावाला राग यायचा. एकदा त्यांच्या मेंढवाड्यात रात्री शिरला, वाड्याला छप्पर नव्हतं, भिंतीवरून आत उडी मारली, मेंढ्या घाबरून पळापळ करायला लागल्या आणि जी हलेल ती तो मारत गेला. सकाळी मेमे गेले तर बारा मेलेल्या आणि शेन कोपऱ्यात बसलेला, बाहेर उडी मारता येईना. माणसं काठ्या घेऊन जमली होती. मी विचारलं, मग? मेमे म्हणाले, मी दार उघडलं. का उघडलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही परत विचारलं नाही.

नंतर बदल होत गेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी किब्बरने आपल्या कुरणाचा एक तुकडा चराईसाठी बंद केला, भरलांना गवत मिळावं म्हणून. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनबरोबर गावाने जनावरांचा विमा सुरू केला, याक-घोडा शेनने मारला तर भरपाई. वाड्यांना वरून जाळी आणि पक्की दारं आली. भैयांपैकी एक जण आता कॅमेऱ्यांच्या कामावरच घर चालवतो. मला वाटतं अभयारण्याचा कागद १९९२ चा आहे, पण शेन इथे टिकलाय तो या वाड्यांच्या जाळीमुळे आणि बंद ठेवलेल्या कुरणामुळे. हे मी आता वर्गात पहिल्या तासाला सांगणार आहे.

तेराव्या दिवशी ऊन. डोळ्यांवर काळा चष्मा नसेल तर बाहेर पडूच नका, ताज्या बर्फावरचं ऊन दोन तासांत डोळे भाजतं.

दिवस १४ ते १६ : उरलेले आठ

चिचमचा पूल ओलांडून पलीकडे गेलो, २०१७ मध्ये सुरू झालेला, खाली दरी इतकी खोल की नदीचा आवाज उशिरा येतो असं वाटतं. पूल व्हायच्या आधी लोक तारेवरच्या पाळण्यातून ये-जा करायचे. पलीकडच्या उतारावर तेवीस भरल मोजले, राखाडी-निळसर, दगडांत दगड. ताईने दुर्बीण दिली आणि म्हणाली, भरलांकडे नको बघू, ते कुठे बघतायत ते बघ. सगळी डोकी वरच्या कड्याकडे. आम्ही पाऊण तास तो कडा बघत बसलो, पाय बधिर. काही दिसलं नाही. वरून एक दाढीवाला गिधाड पंख न हलवता गेला, त्याची सावली बर्फावरून आमच्या अंगावरून सरकली.

परतताना वाटेवर माग मिळाला. गोल पाऊल, नखं नाहीत, माझ्या पंजाएवढं, आणि मधेमधे बर्फावर शेपटी टेकल्याची रेघ. शेपटी जवळजवळ मीटरभर असते, कड्यावर तोल सांभाळायला, झोपताना तोंडावर पांघरायला. माग ताजा होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आम्ही सकाळी ज्या वाटेने गेलो त्याच आमच्या पावलांमधून तो चालला होता, बर्फ आयता तुडवलेला म्हणून. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, मी मोजा काढून त्या ठशाशेजारी हात टेकवला आणि ताईने फोटो काढला.

सोळाव्या दिवशी शेवटची जागा, नऊ नंबर, मेमेंनी बदललेली. वारा सुटला होता, तीन वाजून गेले होते, परतीला दीड तास. डावा कॅमेरा भैयांनी लावला, उजवा मी. खणायला लागले तर बर्फाखाली कडक बर्फ, पहार मागे चिचमला राहिलेली, बोटं चालेनाशी झाली. कडक बर्फावरच चळत रचली, हलवून बघितली, घट्ट वाटली. ताईला सांगितलं झालं.

दिवस १७ ते २१ : परत

निघायच्या आधी पहिल्या सहा जागांची कार्डं बघितली. एका जागी ताईच्या नजरेतून सुटलेली प्रार्थनेची पताका, वाऱ्यावर फडफडून तिचेच अकराशे फोटो. बाकी लाल कोल्हा, चकोरांची रांग, भरल, एक घोडा. शेन नाही. ताई म्हणाली, आठवड्यात कोण येतो, साठ दिवस ठेवायचेत.

आमांनी सुकवलेले मटार आणि याकच्या दुधाचं दगडासारखं छुर्पी (सुकवलेलं चीज) बांधून दिलं. मी त्यांना कोकम आणि आगळ देऊन आले, सोलकढी करून दाखवली होती, नारळाच्या पावडरीची, मेमेंनी तोंड वाकडं केलं आणि मग दुसरा पेला मागितला. काझा, पिओ, शिमला, अंबाला, वांद्रे. स्टेशनबाहेर पडले तर घाम.

आता

मुलुंडला दुपारी छत्तीस डिग्री आहे आणि मी पंख्याखाली बसून फोटोंना नावं लावतेय, भरल, भरल, कोल्हा, रिकामा, रिकामा. गेल्या आठवड्यात भैयांनी सगळी कार्डं बदलली आणि काझाला येऊन निवडक फोटो पाठवले. नऊ नंबर, डावा कॅमेरा, पहाटे चार वाजून बारा मिनिटं, उणे एकोणीस. शेन. कड्याच्या पायथ्याशी, त्या चौकटीत मेमेंनी बदलून दिलेल्या जागी अगदी तिथेच, मान वाकडी करून खडकाला गाल घासतोय, डावी कूस पूर्ण दिसतेय, एक एक ठिपका मोजता येईल. मी तो फोटो आईला दाखवला, कॉलेजात शिपाईकाकांना दाखवला. मेमेंसाठी इथल्या स्टुडिओत मोठा प्रिंट काढून पोस्टाने पाठवलाय.

मग ताईचा फोन आला. उजवा कॅमेरा. चार वाजून बारा मिनिटंच, म्हणजे घड्याळं बरोबर जुळली होती. पण खालचा बर्फ उन्हाने बसत गेला आणि चळत मागे कलली, फोटोत वर नुसतं आकाश, तळाला दोन कानांची टोकं आणि शेपटीचा बाक. उजवी कूस नाही. ताईकडच्या जुन्या फोटोंत त्या भागातल्या एका शेनची फक्त उजवी बाजू आहे, आणि हा तोच की दुसरा हे सांगायला आम्हाला नेमकी तीच हवी होती. ताई रागावली नाही. तिने शीट पाठवलं, त्यात नऊ नंबरसमोर लिहिलंय, "डावी बाजू. ओळख पटलेली नाही."

मी भैयांना फोन केला, पहार घेऊन जा, मातीपर्यंत खणा, माझी चळत पूर्ण पाडा आणि नवी रचा. ते म्हणाले, दीदी, कल ही कर दिया, मेमे साथ में आए थे. अजून चोवीस दिवस कॅमेरे आहेत तिथे.